पाठकोरी पानं

बाई, यंदाची बक्षिसांची पुडकी मी पाठकोऱ्या कागदात बांधली. तुमच्यासमोर उभं राहून हे मला म्हणता आलं नसतं, म्हणून लिहितो. तुम्हाला जाऊन तीसच्या वर वर्षं झाली, मी स्वतः पंचाहत्तरीला टेकलो, चामोर्शीत माझ्या हाताखालून शिकलेली पोरं आता बाप झाली. तरी बक्षिसांचा दिवस जवळ आला की माझ्या पोटात अजून तसाच गोळा येतो, जसा मी धानोऱ्याच्या पुढच्या त्या शाळेत नवा मास्तर होतो आणि तुम्ही हेडबाई होतात तेव्हा यायचा. त्या वेळी वाटायचं हा गोळा पाहुण्यांच्या भीतीचा. तो पाहुण्यांचा नव्हता, पुडक्यांचा होता, हे कळायला मला शाळेतली एक मुलगी गमवावी लागली. आणि यंदा, बाई, दुसरी गमावतो की काय या धास्तीत मी आठ दिवस काढतो आहे.

तुमचं स्वयंपाकघर आधी आठवतं. बक्षिसांच्या आदल्या आठवड्यात तिथं पोळपाट-लाटणं वर चढायचं आणि जमिनीवर रंगीत कागदाचे ताव पसरायचे. चुलीवर जर्मनच्या भांड्यात तांदळाच्या पिठाची खळ शिजते आहे, तुम्ही एका हातानं ती ढवळता आहात आणि दुसऱ्या हातानं पुठ्ठ्याभोवती दोरा गुंडाळून बघता आहात, म्हणजे कागद किती लागेल ते कळावं. दोरा जिथं मिळतो त्याच्यापुढे दोन बोटं, बस. तिसरं बोट दिसलं की तुम्ही माझ्याकडे बघायच्या. मी भिंतीला टेकून चौथीच्या पुस्तकातली कविता चालीवर म्हणतो आहे, हातातली कात्री थांबलेली, आणि तुम्ही म्हणता, "मास्तर, नदी नंतर वाहू द्या, आधी तो ताव कापा." तुमचा हिशोब जगाच्या उलटा होता. गावातून वर्गणी आली की सगळ्यात आधी कागद, पुठ्ठा, सुतळी आणि खळीच्या पिठाचे पैसे बाजूला निघायचे, आणि उरेल त्यात बक्षिसं. मी एकदा बोललोच, "बाई, कागद तर पोरं फाडूनच टाकतात. त्या पैशात आणखी चार पाट्या येतील." तुम्ही वरही पाहिलं नाहीत. "फाडू द्या की. पण घरी जाऊन फाडू द्या."

आणि सगळी पुडकी एका मापाची. पहिल्या नंबराचा शब्दकोश असो की कुणाला अंगात घालायला नाही म्हणून शिवून आणलेला झगा असो, टेबलावर ठेवलं की ओळखू येता कामा नये. वस्तू लहान असेल तर आत गवताचा बोळा. नावाची चिठ्ठी वर, वस्तूचं नाव कुठंच नाही. एक यादी असायची, ती तुमच्या पिशवीत. त्या वर्षी तुमचा घसा बसला आणि यादी माझ्या हातात आली. मला वाटलं, आपला आवाज लोकांना ऐकवायची हीच वेळ. मी नावं नुसती वाचली नाहीत, गायलोच म्हणा. आणि त्याच ओघात, पुढचा रकाना डोळ्यांपुढे होता म्हणून, तोही वाचत गेलो. "गरजू विद्यार्थिनी, एक झगा." मैदानातली सगळी डोकी एका मुलीकडे वळली. ती मुलगी उठली, वर आली, पुडकं घेतलं, नमस्कारही केला. उतरताना पायरीवर तिनं ते पुडकं अलगद ठेवलं आणि त्याच चालीनं, मागं न बघता, फाटकातून बाहेर गेली.

संध्याकाळी तुम्ही ते पुडकं नव्या कागदात पुन्हा बांधलंत आणि मला बरोबर घेऊन तिच्या टोल्यावर, त्या रानातल्या वस्तीवर, निघालात. साजाच्या झाडांमधून ती पायवाट, वाळकी पानं पायाखाली मोडताहेत, आणि तुम्ही अर्धा कोस माझ्या पुढं पुढं चालता आहात. तिची माय दारात वाळवलेल्या मोहाची टोपली निवडत होती. तिनं आपल्याला बसायला खाट टाकली, पाणी दिलं, आणि तुमच्याकडे बघून म्हणाली, "पोरगी म्हंते बाई, साऱ्याइले माहीत झालं." एवढंच. पुडकं तिनं ठेवून घेतलं. परत आल्यावर तुमच्या स्वयंपाकघरात, खळीचं भांडं घासता घासता, तुम्ही मला जे बोललात ते मी आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही. "तुमचा आवाज चांगला आहे मास्तर. म्हणून तर शेवटच्या रांगेपर्यंत गेला." ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. बाजारात एकदा दिसली, तोच झगा अंगात होता, आणि मला पाहून ती दुकानाच्या आड झाली.

त्यानंतर पुडक्यांचं काम मी कुणाला करू दिलं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही गेल्यावर, माझी बदली झाल्यावर, निवृत्त झाल्यावरसुद्धा, दर जानेवारीत मी चामोर्शीहून गडचिरोली, गडचिरोलीहून धानोरा अशा गाड्या बदलत जातो, कागदाची गुंडाळी काखेत घेऊन. कागद माझ्या पेन्शनीतला. पोरं मला पुडकेवाले गुरुजी म्हणतात. यंदाही हेडमास्तरांचा फोन आला तेव्हा मी तयारच होतो. हेडमास्तर तरुण आहेत, चाळिशीच्या अलीकडचे, शाळेसाठी जीव टाकणारे, खोटं कशाला बोलू. पण शाळेत जाऊन बसलो आणि त्यांनी कार्यक्रमाच्या खर्चाचा कागद पुढं केला, तर त्यात मंडप होता, दोन बॅनर होते, नाश्ता होता, फोटोवाला होता. पुडक्यांच्या नावानं एक ओळ नव्हती.

"अजी गुरुजी," ते म्हणाले, "यंदा साऱ्या वस्तू नागपूरवाली संस्थाच देऊन राह्यली. सत्त्याण्णव पोट्टे, सत्त्याण्णव वस्तू. कोणाले स्वेटर, कोणाले कंपास, नंबरवाल्याइले पुस्तक. त्याइले फोटो पायजे. तुमी पुडका बांधला तं फोटोत काय दिसन? कागद?"

"कागदच दिसू द्या," मी म्हणालो.

"आन् टाकी?" त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. बाहेर पाण्याच्या टाकीचा नुसता चौथरा बांधून पडला आहे. "टाकी तेच देणार हायेत. पोरी उन्हाळ्यात हापशावर लाइनीनं उभ्या राह्यतात, तुमी पाह्यलं ना? तुमचा कागद माही टाकी घेऊन जाईन गुरुजी."

 मी शाळेतल्या एका सातवीच्या मुलीचं नाव काढलं. तिची गोष्ट अशी, बाई. मागल्या हिवाळ्यात, नवं साल लागायच्या आधीच, याच संस्थेनं आपला वेगळा कार्यक्रम करून तिला स्वेटर दिला. दोन्ही हातांनी छातीपुढं धरायला सांगितला, किमतीची चिठ्ठी अजून लोंबते आहे, आणि फोटो काढला. तो फोटो त्यांनी आपल्या कॅलेंडरवर छापला, खाली ओळ टाकली, 'तुमच्यामुळे तिला मिळाली ऊब.' ते कॅलेंडर वर्षभर किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, धानोऱ्याच्या चहाच्या टपरीत लटकत राहिलं. पोरांनी तिचं नावच ठेवलं. "ए कॅलेंडर, आज तारीख किती व्हय?" "ए कॅलेंडर, तुह्या अंगावर रविवार कवा येते?" पावसाळ्यात ती वीस दिवस घरी बसली. शाळेत खिचडी शिजवणारी बाई तिची मावशी, तिनं समजावून आणली. आता साल बदललं, कॅलेंडर भिंतीवरून उतरलं, पोरं विसरायला लागली होती. आणि त्या मुलीनं मावशीला साफ सांगितलं होतं, पुन्हा हातात काही धरून उभं केलं तर सातवीच्या परीक्षेलासुद्धा बसणार नाही. जूनमध्ये तिला आठवीला धानोऱ्याच्या वसतिगृहात पाठवायचं ठरत होतं. ते सगळं त्या एका दिवसावर येऊन थांबलं होतं.

 हेडमास्तरांनाही हे ठाऊकच होतं. खर्चाच्या कागदावर पेन आपटून ते म्हणाले, "एक बॅनर कापतो. त्या पैशात बसवा. त्याच्यावर एक रुपाया नाई."

तर मी गडचिरोलीला कागदवाल्याकडे गेलो. तुम्ही ज्यांच्याकडून रंगीत घोटीव ताव घेत होतात ते चाचा केव्हाच गेले, आता त्यांचा मुलगा बसतो, तोही म्हातारा झाला. "गुरुजी, अब कौन घोटीव कागद लेता है," तो हसला. "चमकीवाला रोल देखो. मोबाइल की दुकानवाले यही ले जाते." त्या रोलची किंमत ऐकून मी पाणी मागितलं. बसच्या तिकिटामागे मी बजेट मांडलं. तुमचा नियम पहिला, सारखं माप. त्यासाठी मिठाईवाल्यांचे कोरे खोके, सत्त्याण्णव, ते घ्यावेच लागणार. मग सुतळीचे गुंडे, चिठ्ठ्यांचा कागद, चिकटपट्टी. एवढ्यात बॅनरचे पैसे संपले. वेष्टनाला काही उरलं नाही. दरसाल पेन्शन मदतीला यायची, पण यंदा डोळ्याच्या ऑपरेशनात ती दोन महिन्यांची गेली होती. तरी खाकी कागदापुरते पैसे मी कुठून तरी उभे केले असते. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो, केले असते. पण हेडमास्तरांचा फोन आला, "गुरुजी, कागद नोका घेऊ! आपल्याजवळ फुकटात हाये." शाळेच्या कपाटात संस्थेची मागच्या सालची वीस कॅलेंडरं तशीच पडली होती. सहा पानांचं कॅलेंडर, एका अंगानं छापलेलं, पाठ कोरी. "पानं उलटे करा, मस्त पांढराशुभ्र पुडका व्हते."

कोणती कॅलेंडरं, हे मी विचारलं. तीच. आणि तरी मी हो म्हणालो. बाई, ते पान हातात घेऊन मी पाठ पाहिली तेव्हा ती इतकी पांढरी, इतकी गुळगुळीत होती, जणू पहिल्या दिवशीची वही, की मला मोहच पडला. मनात हिशोब केला, सहा पानांपैकी एकाच पानावर तिचा फोटो आहे. वीस कॅलेंडरं, तिची वीस पानं काढून टाकायची, उरली शंभर. सत्त्याण्णव पुडकी होऊन वर तीन. इतकं नेमकं बसलेलं बजेट मला आयुष्यात जमलं नव्हतं. त्या जुळण्यानंच मी फसलो.

आदल्या दिवशी दुपारी चौथीच्या खोलीत आम्ही बसलो, मी आणि ती खिचडीवाली मावशी. ती कॅलेंडराच्या वरच्या पत्र्याच्या पट्ट्या उपटत होती आणि पानं सुटी करून माझ्यापुढं ढीग लावत होती. मी ढिगातून तिच्या भाचीची पानं निवडून बाजूला काढत होतो. "गुरुजी, नीट पाहजा," ती सारखी म्हणत होती. "पोट्टीले मी सांगतलं हाये, गुरुजी हायेत मनून. एक बी पान कोणाच्या घरी गेलं तं थे मले घरात घेणार नाई."

"मोजून काढतो आहे ना," मी म्हणालो.

"कुठी मोजून राह्यले? तुमी तं गाणं म्हनून राह्यले."

तेच माझं मोजणं होतं, आणि ते तुम्हाला कधी पसंत नव्हतं. मला आकडे सांडतात, ओळी सांडत नाहीत, असा माझा समज. त्यामुळे मी वस्तू कवितेवर मोजतो. आमच्या चौथीतली ती नदीची कविता, पाच कडवी, कडव्याला चार ओळी. एक पान, एक ओळ. कविता संपली की वीस झाले. आयुष्यभर मी पाट्या, पेन्सिली, सहलीला नेलेली पोरं, सगळं त्या कवितेवर मोजलं. तुम्ही चिंचोके मांडून मोजायच्या आणि मला म्हणायच्या, "मास्तर, कविता म्हणताना तुम्ही खोलीत नसता." मी तिथं नव्हतोच. खिडकीतून बोरीच्या झाडावर ऊन पडलं होतं, चाल जुनीच होती, मी मनानं कुठल्या कुठल्या काठावर पोचलो होतो. शेवटचं कडवं संपलं, मी तिची पानं सुतळीनं बांधून माझ्या पिशवीत टाकली, आणि ढिगातली उरलेली पानं भराभर उलटी करत खोक्यांवर चढवायला लागलो. खोका मधोमध ठेवला की आतलं चित्र झाकलं जातं. माझं लक्ष कडा जुळवण्याकडे. मावशी सुतळी बांधत होती. दिवस मावळता मावळता सत्त्याण्णव पांढरी पुडकी रांगेनं उभी राहिली, आणि मला वाटलं, तुम्ही दारात उभ्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हापशावर तोंड धुऊन स्वयंपाकाच्या खोलीत गेलो, तर चुलीपुढं ती मुलगी बसलेली. केसांना तेल, दोन वेण्या, शाळेचा ड्रेस. मावशी पोह्यांसाठी कांदा चिरत होती आणि आमच्याकडे बघायचं टाळत होती.

"गुरुजी, माये पानं कुठी हायेत?" मुलीनं विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

"हे काय, माझ्या पिशवीत."

"किती हायेत?"

"वीस."

"द्या मंग."

मी पिशवीतून गठ्ठा काढून दिला. तिनं सुतळी दातांनी सोडली. वरच्या पानावर ती स्वतःच होती, स्वेटर धरून, हसा म्हटल्यावर हसतात तशी हसणारी. तिनं ते पान बघितलं, त्याची उभी घडी घातली आणि चुलीत सारलं. चकचकीत कागद, लवकर पेटेना, आधी काळा पडला, आक्रसला, मग एकदम हिरवट ज्वाळ निघाली. मग दुसरं. तिसरं. ती घाई करत नव्हती. प्रत्येक पानाची घडी, प्रत्येक वेळी वाट बघणं. मी पाटावर बसलो आणि सवयीनं मनात कविता सुरू केली. पहिलं कडवं चुलीत गेलं, दुसरं गेलं, तिसरं, चौथं. पाचव्या कडव्याची पहिली ओळ, दुसरी, तिसरी. आणि तिचे हात रिकामे झाले. शेवटची ओळ माझ्या तोंडात तशीच राहिली.

आदल्या दिवशी ओळी पुरल्या होत्या आणि आज एक जास्त झाली होती. मी घाईघाईनं मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागलो आणि तिसऱ्या कडव्यात येऊन थबकलो. तिथली एक ओळ आज सहज आली होती. काल ती आली होती का? काल मी ती म्हणाल्याचं मला काही केल्या आठवेना. कवितेतल्या काठावरच्या गावातून मी एक ओळ गाळून सरळ पलीकडे गेलो होतो, बाई. पासष्ट वर्षं पाठ असलेली कविता. म्हणजे पानं निघाली होती एकोणीस. तिचं एक पान ढिगातच राहिलं होतं.

"मावशी," मी जमेल तितक्या शांतपणे विचारलं, "काल पुडकी झाल्यावर चार पानं उरली होती, ती कुठे आहेत?"

"चारच व्हती का? मी नाई पाह्यलं जी," ती म्हणाली. "सकाळी चूल पेटून नव्हती राह्यली, थ्याच पानाइनं पेटोली. काऊन?"

म्हणजे त्या उरलेल्या पानांतच ते असेल आणि पहाटेच राख झालं असेल. किंवा वर्गात टेबलावर उभ्या असलेल्या सत्त्याण्णव पुडक्यांपैकी एकाच्या आत असेल. सत्त्याण्णव गाठी. मी मनात हिशोब करत होतो, प्रत्येक पुडकं सोडायला किती वेळ, बांधायला किती, फाटलं तर दुसरा कागद कुठला, आणि तेवढ्यात बाहेर पोरं ओरडली, "गाडी आली! गाडी आली!" मुलगी उठली, हात झटकले, आणि माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "झाले ना जी सारे?"

बाई, तुम्ही असता तर पाहुण्यांना मंडपात बसवून ठेवलं असतं आणि सत्त्याण्णव पुडकी सोडली असती. मला तुमचा चेहरा अगदी समोर दिसला. आणि मी म्हणालो, "झाले."

कार्यक्रम झाला. संस्थेचे साहेब चांगले होते, पोरांशी गोंडीत दोन शब्द बोलायचा प्रयत्न केला, पोरं हसली, तेही हसले. पुडकी बघून त्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं, हेडमास्तरांनी माझ्याकडे, आणि मी पायांकडे. पहिलं नाव तिचंच लागलं, पहिला नंबर म्हणून. ती वर गेली. फोटोवाला पुढं सरसावला, "बेटा, खोलो खोलो, सामान दिखाओ, इधर देखो."  ते कोणतं पुडकं होतं? तिच्याच हातात तिचंच पान असलं तर? तिनं दोन्ही हातांनी पुडकं पोटाशी घट्ट धरलं आणि म्हणाली, "मी घरी उघडतो जी."

"अरे, एक फोटो."

"घरी उघडतो जी."

हेडमास्तर उठले. मला वाटलं आता ते तिला सांगणार. त्यांनी एकदा टाकीच्या चौथऱ्याकडे पाहिलं असावं, मला नक्की सांगता येत नाही, आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "आपल्या शाळेत पुडका घरीच उघडाची रीत हाये. सर्वांनी थेच करायचं." पुढचं पोरगं वर गेलं, फोटोवाल्यानं तोंड उघडायच्या आत ओरडलं, "घरी उघडतो जी!" मग तिसरं. मग तो खेळच झाला, सत्त्याण्णव पोरं, सत्त्याण्णव वेळा, मागच्या रांगेतले बापसुद्धा हसायला लागले. साहेबही हसले. जाताना टाकीचं विचारलं तर "बघू या पुढच्या महिन्यात" म्हणाले, ते हो का नाही ते कळलं नाही. मावशीनं माझ्या ताटात दुप्पट पोहे वाढले. ती मुलगी फाटकापर्यंत आली, आणि इतक्या वर्षांत कुणी केला नसेल असा खाली वाकून नमस्कार केला. "आठवीले धानोऱ्यालेच जातो मी गुरुजी," म्हणाली. सत्त्याण्णव पुडकी सत्त्याण्णव घरांकडे निघाली. मी बसच्या खिडकीतून बघत होतो. सगळी एकसारखी, तुम्ही शिकवली तशी, कोणत्यात काय हे कुणाला ओळखू येणार नाही. मलाही नाही.

त्या दिवसाला आठ दिवस झाले. मी स्वतःला समजावतो की ते पान चुलीतच गेलं असणार. चार पानांत एक तिचं असेल, का नसेल? मग सत्त्याण्णवांचा विचार येतो आणि मी ताटावरून उठतो. कुणाच्या तरी भिंतीवर, नव्या वर्षात, ते पुन्हा लागलं असेल. कुणी तरी पोरगं ते घडी करून दप्तरात घालून शाळेत घेऊन गेलं असेल. आणि तिला समजलं असेल की गुरुजी झाले म्हणाले ते खोटं होतं. माझ्या आवाजानं पहिली गेली, माझ्या कवितेनं दुसरी जाईल, आणि दोन्ही वेळा मला वाटत होतं की मी चांगलं गातो आहे. त्या दिवसापासून मी ती कविता म्हणून पाहिलेली नाही. भीती वाटते, आता आणखी किती ओळी गेल्या असतील याची.

हे पत्र कुठं पाठवणार? तुमचा पत्ता मला माहीत असता तरी पाठवलं नसतं, तुम्ही ते वाचून खळीचं भांडं घासायला घेतलं असतंत आणि मला पुन्हा ते ऐकावं लागलं असतं. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय पेन ठेवता येत नाही. कालपासून हेडमास्तरांचा फोन तीनदा वाजून गेला आहे. टाकीची बातमी असेल, नुसती विचारपूस असेल, किंवा ती शाळेत येत नाही हे सांगायला असेल. मी एकदाही उचललेला नाही.